अक्षरांचें बारसें

आजच्या माझ्या भाषणाचा विषय थोडा निराळा आहे. संगणकाच्या पोटांत जीं अक्षरें वावरतात त्यांना नांवें कशीं मिळालीं, त्यांतलीं कांहीं नांवें चुकलीं कशीं, चुकलेलीं नांवें तशींच ठेवून त्यांच्या शेजारीं उर्फ नांवें जोडण्याची पाळी कां आली, आणि प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषांनीं हा सारा प्रपंच आपल्या पदरीं कसा घेतला, याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. विषय यंत्राचा असला तरी हकीकत माणसांच्या घाईची, हट्टाची आणि शहाणपणाची आहे.

संगणकाला अक्षर म्हणून कांहीं ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतो तो आंकडा. युनिकोड नांवाच्या जागतिक संकेतावलींत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो, आणि क्रमांकाबरोबरच एक नांवहि दिलेलें असतें. आपल्या ‘ळ’चा क्रमांक, षोडशमान पद्धतीनें लिहिला असतां, ०९३३ असा येतो; आणि त्याचें नांव आहे ‘देवनागरी लेटर एल-एल-ए’. हीं नांवें रोमन लिपींतील मोठ्या अक्षरांतच लिहावीं लागतात. त्यांत अंक, आडवी रेघ आणि मोकळी जागा यांखेरीज दुसरें कांहीं चालत नाहीं. २०२४ सालीं निघालेल्या सोळाव्या आवृत्तींत अशा अक्षरांची व चिन्हांची संख्या १,५४,९९८ इतकी भरली होती. एवढ्यांचें बारसें करावयाचें, आणि तेंहि असें कीं एकाचें नांव दुसऱ्यास येतां कामा नये, हें काम सोपें खास नव्हे.

आतां कोणी विचारील, कीं क्रमांक आहे तर नांवाची गरज काय? गरज वाचणाऱ्याला असते. प्रोग्रॅम हा यंत्रानें चालवावयाचा असला तरी तो माणसानें वाचावयाचाहि असतो. त्यांत नुसतें ‘२००डी’ असें लिहिलेलें आढळलें तर पुढच्या माणसानें काय समजावें? हा क्रमांक एका अदृश्य चिन्हाचा आहे. त्याला रुंदी नाहीं, रूप नाहीं. दोन अक्षरें सांधणें एवढेंच त्याचें काम. परंतु मराठी माणसाला त्याची ओळख असणें अगत्याचें आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द आपण निरनिराळे लिहितों. पहिल्यांत विद्वान आहेत, दुसऱ्यांत स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दांतील तो आडवा रफार संगणकावर उमटविण्याची एक जुनी रीत म्हणजे र, हलन्त आणि त्यापुढें हें अदृश्य सांधणारें चिन्ह. तें गळलें तर स्वयंपाकघरांतील मंडळी एकदम मठांत जाऊन बसतात! कागदावर जें दिसत नाहीं, त्याचें नांव तरी प्रोग्रॅमांत दिसावें, या इच्छेंतच आजच्या विषयाचें मूळ आहे.

ही इच्छा युनिकोडहून जुनी आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत आस्की ही संकेतावली प्रसिद्ध झाली. तींत अक्षरांखेरीज यंत्राला हुकूम देणारीं चिन्हें होतीं. सातव्या क्रमांकाचें चिन्ह आलें, कीं दूरमुद्रकावर खरोखरीची घंटा वाजत असे. या घंटेची गोष्ट पुढें यावयाची आहे, म्हणून ती ध्यानांत असूं द्यावी. पुढें लिस्प भाषेच्या एका शाखेनें, कॉमन लिस्पनें, १९८४ च्या सुमारास मोकळी जागा, नवी ओळ यांसारखीं चिन्हें नांवानें लिहिण्याची सोय केली. चिन्हें मोजकीं, तशीं नांवेंहि मोजकीं. भांडणास जागाच नव्हती.

भांडणास जागा झाली ती १९९१ पासून. त्या वर्षाच्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत युनिकोड संघ रीतसर नोंदला गेला, आणि ऑक्टोबरांत पहिल्या आवृत्तीचा पहिला खंड बाहेर पडला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय मानक संघटनाहि १०६४६ या क्रमांकाची आपली स्वतंत्र संकेतावली तयार करीत होती. एकाच जगाला दोन जागतिक लिप्या देणें हें हास्यास्पद झालें असतें. म्हणून दोघांनीं तडजोड केली व १९९३ सालच्या १.१ या आवृत्तींत दोन्ही याद्या एक झाल्या. अशा तडजोडींत क्रमांकांप्रमाणें नांवांनाहि किंमत मोजावी लागते. पहिल्या आवृत्तींत ज्याला अमेरिकन चालीप्रमाणें ‘पीरिअड’ म्हटलें होतें, तें आतां ‘फुल स्टॉप’ झालें. ‘स्लॅश’ जाऊन ‘सॉलिडस’ आलें. आणि ‘ओपनिंग पॅरेन्थेसिस’ म्हणजे उघडणारा कंस, तो ‘लेफ्ट पॅरेन्थेसिस’ म्हणजे डावा कंस झाला. या बदलाबद्दल मला तर हळहळ वाटते. कारण उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी किंवा हिब्रू मजकुरांत ‘डावा’ कंसच उजव्या बाजूस बसतो आणि तेथूनच उघडतो. जुनें नांव अधिक खरें होतें.

रोमन ए व ई यांच्या जोडीचें एक अक्षर आहे. डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत तें वर्णमालेंतलें स्वतंत्र अक्षर. पहिल्या आवृत्तींत त्याला ‘लेटर’ म्हटलें, १.१ मध्यें त्याची पदावनति होऊन तें ‘लिगेचर’, म्हणजे निव्वळ जोडाक्षर, ठरलें. आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत पुन्हां ‘लेटर’ झालें. पांच वर्षांत तीन नांवें! आमच्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल होती, आणि मोठेपणीं कोणास नांव बदलावयाचें तर सरकारी राजपत्रांत तशी सूचना देतां येते. परंतु एवढी फिरवाफिरव तेथेंहि होत नाहीं.

यांतून जो धडा मिळाला तो कडक होता. दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडनें नियम केला, कीं एकदां दिलेलें नांव कधींहि बदलावयाचें नाहीं. चुकलें तरी नाहीं. ऐकतांना हा नियम अडेलतट्टूपणाचा वाटतो. पण त्यामागील कारण भक्कम आहे. नांव ही ओळखीची खूण मानून कोणीं प्रोग्रॅम लिहिला, आणि दहा वर्षांनीं तें नांवच नाहींसें झालें, तर तो प्रोग्रॅम बंद पडेल. त्याहून वाईट म्हणजे तेंच नांव दुसऱ्या चिन्हाला मिळालें, तर प्रोग्रॅम चालूच राहील आणि गुपचूप भलतें कांहीं लिहूं लागेल.

हा नियम झाल्यावरच नांवांवर विसंबणें प्रोग्रॅम-भाषांना परवडूं लागलें. २००० सालच्या मार्चांत पर्ल भाषेची ५.६ ही आवृत्ति आली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पायथनची २.० ही आवृत्ति. दोहोंत एकच खूण दिसते: उलटी तिरपी रेघ, तिच्यापुढें मोठा ‘एन’, आणि महिरपी कंसांत अक्षराचें पूर्ण नांव. एवढें लिहिलें कीं भाषा त्या नांवाचें अक्षर शोधून त्या जागीं ठेवते. नांवांची सारी यादी भाषेबरोबर बाळगावी लागे, हा खर्च होता. परंतु चिनी-जपानी भावचिन्हांचीं नांवें क्रमांकावरूनच बनवितां येतात आणि कोरियन लिपींतील ११,१७२ संयुक्त अक्षरांचीं नांवें त्यांच्या घटकांवरून. म्हणून तीं यादींत ठेवण्याचें कारण पडत नाहीं. उरलेल्या नांवांतहि ‘लेटर’, ‘स्मॉल’, ‘साइन’ हे शब्द इतक्या वेळां येतात, कीं ते एकदांच साठवून भागतें.

आतां चुकांकडे वळूं. सर्वांत प्रसिद्ध चूक २००५ सालची आहे. ४.१ या आवृत्तींत उभ्या लेखनासाठीं एक कंस घेतला गेला. त्याच्या नांवांत ‘ब्रॅकेट’ या शब्दांतील के आणि सी यांची अदलाबदल झाली. मुद्रितशोधकाच्या नजरेंतून एखादा खिळा निसटावा, तसाच हा प्रकार. पण मासिकांत पुढच्या अंकीं शुद्धिपत्र छापतां येतें. येथें नियमानें हात बांधलेले. तो अपभ्रंश आज त्या चिन्हाचें अधिकृत नांव आहे, आणि पुढेंहि राहणार.

दुसरी चूक इतिहासाच्या दृष्टीनें मला अधिक बोलकी वाटते. १९२० च्या दशकांत सोव्हिएट संघांतील तुर्की वंशाच्या भाषांसाठीं एक रोमन वर्णमाला बनविण्यांत आली. तींत ‘घ’च्या जवळ जाणाऱ्या एका घर्षक ध्वनीसाठीं एक नवें अक्षर होतें. तातार, अझरबैजानी इत्यादि लोक त्या वर्णमालेंत शिकले, वर्तमानपत्रें वाचूं लागले. आणि पुढें १९४० च्या सुमारास तीं अक्षरें जाऊन त्यांच्या जागीं रशियन लिपी लादली गेली. अक्षर मागें राहिलें, वाचणारे पांगले. युनिकोडच्या यादींत तें आलें तेव्हां त्याच्या आकाराकडे पाहून, रोमन ओ आणि आय चिकटल्यासारखे दिसतात म्हणून, त्याला ‘ओ-आय’ असें नांव दिलें गेलें. त्या अक्षराचा ओ-शींहि संबंध नाहीं, आय-शींहि नाहीं. ज्यांची ती वर्णमाला, त्यांतल्या कोणा एका वृद्धाला विचारलें असतें तरी खरा उच्चार कळला असता.

गणितांतलें एक उदाहरण आहे. जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांच्या दीर्घवृत्तीय फलासाठीं वापरावयाच्या खुणेचें नांव ‘स्क्रिप्ट कॅपिटल पी’ असें ठेवलें आहे. प्रत्यक्षांत ती वळणदार लहान ‘पी’ आहे. आमचे शेजारी कन्नड यांच्याहि वांट्याला असा प्रसंग आला. हळेगन्नडांतील, आतां प्रचारांतून गेलेलें, ‘ळ’च्या जातीचें एक अक्षर यादींत ‘एफ-ए’, म्हणजे ‘फ़’, या नांवानें दाखल झालें आहे. त्या अक्षराचा ‘फ़’शीं कांहींएक संबंध नाहीं.

नांव बदलावयाचें नाहीं, आणि चूक तशीच टाकावयाचीहि नाहीं. मग काय करावें? आमच्या जुन्या दस्तऐवजांत अशा वेळीं ‘उर्फ’ हा शब्द येई. युनिकोडनें तोच मार्ग धरला. २००६ सालच्या पांचव्या आवृत्तीबरोबर उर्फ नांवांची एक स्वतंत्र यादी प्रसिद्ध झाली. तींत त्या कंसाला बरोबर वर्णांचें नांव मिळालें, तुर्की अक्षराला ‘जी-एच-ए’ मिळालें, कन्नड अक्षराला ‘एल-एल-एल-ए’. अट एकच, पण महत्त्वाची: उर्फ नांवहि साऱ्या मूळ नांवांहून व इतर उर्फ नांवांहून निराळेंच असलें पाहिजे, आणि तेंहि एकदां दिलें कीं कायम.

ही अट किती जरूरीची होती, हें घंटेच्या गोष्टीवरून कळेल. आस्कींतील ज्या सातव्या चिन्हाचा मघां उल्लेख केला, त्याला युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत ‘बेल’ असें नांव होतें. पुढील तडजोडींत हुकुमांच्या चिन्हांचीं नांवेंच काढून घेतलीं गेलीं. यादींत त्यांच्यापुढें ‘नियंत्रण’ अशा अर्थाचा एक शेरा तेवढा उरला. तीं निनांवी झालीं, पण लोकांच्या तोंडचीं नांवें जातात कशीं? पर्ल भाषेनें ‘बेल’ हें नांव आपल्याकडे चालूच ठेवलें. आणि २०१० च्या ऑक्टोबरांत, सहाव्या आवृत्तींत, जपानी मोबाइल फोनांतलीं चित्रचिन्हें युनिकोडांत आलीं. त्यांत एक घंटेचें चित्र होतें. ‘बेल’ हें नांव कागदोपत्रीं मोकळें होतें, तें त्या चित्राला दिलें गेलें.

झालें! पर्लमध्यें जे प्रोग्रॅम त्या नांवानें घंटा वाजवीत होते, त्यांनीं उद्यां चित्र छापावयाचें कीं काय? पर्लच्या कर्त्यांनीं यावर घाई केली नाहीं. २०११ च्या ५.१४ या आवृत्तींत जुना अर्थ तसाच ठेवून, हें नांव आतां वापरूं नका अशी सूचना त्यांनीं सुरू केली; आणि दोन वर्षांनंतर, २०१३ च्या ५.१८ मध्यें, तें नांव चित्राला दिलें. वाजणाऱ्या घंटेला ‘अलर्ट’ हें उर्फ नांव मिळालें. युनिकोडच्या यादींत तर स्पष्ट टीप आहे, कीं या चिन्हाला ‘बेल’ हें उर्फ नांव दिलेलें नाहीं, कारण तें दुसऱ्याकडे गेलें आहे. दोष कोणाचा म्हणाल, तर मी युनिकोडकडे बोट दाखवीन. नांव कागदावर मोकळें असलें तरी वहिवाटीनें तें गुंतलेलें होतें. आणि वहिवाट हाहि एक हक्कच असतो.

या प्रसंगानंतर, २०१२ च्या जानेवारींतील ६.१ या आवृत्तींत, उर्फ नांवांचे पांच वर्ग पाडण्यांत आले. पहिला वर्ग दुरुस्तीचा. दुसरा नियंत्रण-चिन्हांचा, ओळ संपविणाऱ्या एकाच चिन्हाला येथें ‘लाइन फीड’, ‘न्यू लाइन’ व ‘एंड ऑफ लाइन’ अशीं तीन नांवें आहेत. तिसऱ्या वर्गांत रूढ पर्यायी नांव. चौथा वर्ग मजेचा आहे: कांहीं नियंत्रण-चिन्हांना पूर्वीं कच्च्या मसुद्यांत नांवें सुचविलीं गेलीं होतीं, पण तीं कोणत्याहि मानकांत मंजूर झालीं नाहींत, तरी लोकांत पसरलीं. अशा नांवांना ‘कल्पित’ म्हणून नोंदवून ठेवलें आहे. जन्म झाला नाहीं, पण नांव उरलें! पांचवा वर्ग आद्याक्षरांच्या संक्षेपांचा. त्या अदृश्य सांधणाऱ्या चिन्हाचें पूर्ण नांव ‘झीरो विड्थ जॉइनर’, संक्षेपांत ‘झेड-डब्ल्यू-जे’.

पायथननें २०१२ च्या सप्टेंबरांत, ३.३ या आवृत्तींत, हीं उर्फ नांवें स्वीकारलीं. तेथें जो विवेक दिसतो तो मला आवडतो. आंत येतांना मूळ नांव चालतें, उर्फ नांवहि चालतें. पण एखाद्या अक्षराचें नांव काय, असें पायथनला विचारलें, तर तो मूळ नांवच सांगतो, मग तें चुकलेलें कां असेना. घंटेच्या सातव्या चिन्हाला तर मूळ नांवच नाहीं. तें विचारलें असतां पायथन उत्तर न देतां तक्रार करतो. नांवाची यादी आधींच घट्ट बांधलेली असल्यामुळें उर्फ नांवें ठेवावयाचीं कोठें, हा प्रश्न पडला होता. तेव्हां युनिकोडनें खासगी वापरासाठीं सोडून दिलेल्या पंधराव्या पट्ट्यांतील मोकळ्या क्रमांकांवर त्यांची आंतल्या आंत सोय लावण्यांत आली. अक्षरांच्या ठराविक मालिकांनाहि युनिकोडनें नांवें दिलीं आहेत. तमिळमधील ‘क्ष’ हें त्यांपैकीं एक. अशा मालिकेचें नांव पायथनमध्यें शोधतां येतें, पण महिरपी कंसाच्या खुणेंत लिहितां येत नाहीं. कारण ती खूण एकाच अक्षराची जागा घेते, हा करार मोडणें इष्ट नव्हतें.

सी प्लस प्लस या भाषेला हें सारें उशिरां सुचलें. २०२३ च्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तिच्या मानकांत तीच खूण आली. पण तिनें पांच वर्गांपैकीं तीनच पत्करले: दुरुस्तीचा, नियंत्रणाचा व पर्यायी नांवांचा. कल्पित नांवें आणि संक्षेप यांना तिनें दारांतच अडविलें. म्हणजे आमच्या आचाऱ्यांसाठीं पायथनमध्यें नुसतें ‘झेड-डब्ल्यू-जे’ लिहून भागतें, परंतु सी प्लस प्लसमध्यें संपूर्ण नांव लिहावें लागतें. त्यांतहि नांव तंतोतंत, मोठ्या अक्षरांतच हवें. पायथनला लहान-मोठ्या अक्षरांचा विधिनिषेध नाहीं. ढिली तुलना करावयाची असल्यास, म्हणजे मोकळ्या जागा व मधल्या आडव्या रेघा विसरावयाच्या असल्यास, तिचाहि नियम युनिकोडनें घालून दिला आहे. परंतु त्या नियमाला एका कोरियन स्वराचा अपवाद करावा लागला. ‘ओ-ई’ आणि ‘ओई’ हे तेथें दोन निराळे स्वर आहेत, आणि त्यांच्या नांवांत त्या एका रेघेचाच काय तो फरक आहे.

आतां आपल्या घरचें. देवनागरीचा भाग भारतीय मानकाच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला, आणि नांवें पंडिती लिप्यंतराच्या धाटणीवर बेतलीं गेलीं. त्यामुळें ‘च’चें नांव ‘सी-ए’ आहे आणि ‘छ’चें नांव ‘सी-एच-ए’. मराठी माणूस ‘चव्हाण’ रोमन लिपींत लिहितांना सी-पुढें एच घालतो. त्याच संवयीनें त्यानें प्रोग्रॅमांत ‘च’साठीं ‘सी-एच-ए’ लिहिलें, तर कोणतीहि भाषा तक्रार करणार नाहीं. ती मुकाट्यानें ‘छ’ देईल. चुकीचें नांव लिहिलें तर यंत्र ओरडतें, पण दुसऱ्याचें खरें नांव लिहिलें तर तें गप्प बसतें; आणि म्हणूनच हा दोष हुडकणें कठीण. ‘ॲ’ची गोष्ट याच्या उलट. हें अक्षर मराठीच्या गरजेसाठीं २००८ सालच्या ५.१ आवृत्तींत आलें. त्याच्या नांवांतील ‘चंद्र’ एच-वांचून लिहिला आहे. तेथें एच घालणाऱ्याला निदान चूक तरी कळते.

याहून खोल दुखणें असमिया भाषिकांचें आहे. त्यांच्या ‘र’ आणि ‘व’ या अक्षरांना युनिकोडांत ‘बंगाली’ हें उपपद आहे, आणि पहिल्या आवृत्तींत ज्याच्या नांवांत ‘व’ होता तें दुसरें अक्षर पुढें ‘खालीं तिरपी रेघ असलेला र’ या अर्थाच्या नांवाखालीं गेलें. असमियाला स्वतंत्र स्थान द्यावें, अशी मागणी त्यांच्यांतील जाणत्यांनीं केली. क्रमांक व नांवें स्थिर ठेवण्याचा नियम तिच्या आड उभा आहे. नियम योग्य आहे, असें मी वर म्हटलें. तरी स्वतःच्या अक्षराला शेजाऱ्याच्या नांवानें हांक मारावी लागणाऱ्याचा सल त्यानें जात नाहीं. तक्त्यांतील टिपेंत ‘असमिया’ हा शब्द लिहिला जातो. पण प्रोग्रॅम-भाषा टिपा वाचीत नाहींत. त्या मूळ नांवें आणि यादींतील उर्फ नांवें एवढींच ओळखतात, आणि या दोन अक्षरांना असें उर्फ नांव दिलें गेलेलें नाहीं.

मोडी लिपी युनिकोडांत आली ती २०१४ च्या जूनमध्यें, सातव्या आवृत्तींत. जमाखर्चाच्या वह्या आणि पेशवे दप्तर ज्या लिपींत लिहिलें गेलें, तिच्या प्रत्येक अक्षराला तेव्हां नांव मिळालें. तीं नांवें देवनागरीच्याच चालीवर आहेत: तेथेंहि ‘च’ म्हणजे ‘सी-ए’, ‘छ’ म्हणजे ‘सी-एच-ए’, आणि अर्धचंद्राच्या खुणेंतील चंद्र एच-वांचूनच लिहावयाचा आहे.